डायट चार्ट नको, डबा द्या

घिवली म्हणजे बोईसरला उतरून पश्चिमेला, पार समुद्राकडे. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र, पाठीमागे एमआयडीसी. या पट्ट्यात एखाद्या संध्याकाळी कबड्डीचा सराव बघायला उभे राहा. पोरं जीव तोडून खेळतात. आणि खातात काय? सरावाआधी वडापाव आणि कटिंग. सरावानंतर दोन तास काहीच नाही. मग रात्री साडेदहाला ताटभर भात. सकाळी फर्स्ट शिफ्ट असेल तर नाश्त्याला सुट्टी.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे मार्गदर्शन शिबिर. शहरातून कोणीतरी येतं, स्लाइड्स दाखवतं, डायट चार्ट वाटतं. चार्टवर ओट्स आणि ब्रोकोली! आठवडाभरात चार्ट कपाटात आणि पोरगं परत वडापावच्या गाडीवर. मग सगळे म्हणतात, "पोरांना शिस्तच नाही."

मला हे अजिबात पटत नाही. दहातले नऊ युजर एकाच ठिकाणी चुकत असतील तर आपण युजरला शिव्या घालत नाही (म्हणजे घालतो, पण मनातल्या मनात :) ), आपण स्क्रीन बदलतो. खाण्याच्या सवयींचंही तसंच आहे.

मानसशास्त्रज्ञ सुझन मिकी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक सोपं मॉडेल मांडलं. माणसाच्या हातून एखादी गोष्ट घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. आता आपल्या कबड्डीपटूला हे लावून बघा. प्रेरणा? भरपूर आहे, नाहीतर आठ तास कंपनीत उभं राहून कोण मैदानावर येतं? क्षमता, म्हणजे माहिती? अंडी-मासे खावेत हे त्याला आजीनंच सांगितलंय. अडलंय ते संधीपाशी. सराव संपतो तेव्हा हाताशी काय असतं? गाडी. बस्स. आणि आपली शिबिरं मात्र माहितीच पाजत बसतात.

कोल्हापूरच्या तालमींना हे कोणत्याही मॉडेलशिवाय कळलं होतं. तिथे पैलवानाला चार्ट देत नाहीत. व्यायाम, खुराक, झोप सगळं एका छपराखाली. थंडाई घोटायची ती सगळ्यांनी मिळून, वस्तादांच्या नजरेसमोर. न खाणं हेच तिथे अवघड! आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट सेटिंगच बरोबर आहे.

मग घिवलीत काय करता येईल? मोठं काही नाही. मंडळाच्या वर्गणीतून सरावाच्या जागी रोज एक डबा यावा. प्रत्येकी तीन उकडलेली अंडी, दोन केळी, मूठभर चणे. तीन अंड्यांत साधारण १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. नियमित सराव करणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या पोराला ८४ ते १२०. उरलेल्यासाठी घरची डाळ आणि मासे आहेतच. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात साठेक ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्याच किनाऱ्यावर वाळणारा हा माल सोडून पोरं पावडरच्या डब्यासाठी पैसे साठवतात, याला काय म्हणायचं?

दुसरं, नियम एकच आणि एका ओळीचा: शेवटची पकड झाली की आधी डबा, मग मोबाईल. "जास्त प्रथिनं खा" हा सल्ला झाला. "अमुक झालं की तमुक करायचं" हे ठरवणं झालं, आणि ठरवलेलं जास्त पाळलं जातं. तेही कर्णधारानं आधी करायचं. बाकीचे बघून करतात.

तिसरं म्हणजे धीर. फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे एकदा वडापाव खाल्ला म्हणून पोराला सगळ्यांसमोर झापू नका.

"रोजच्या डब्याचे पैसे कोण देणार?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पण प्रकाशझोतातल्या सामन्यांना लायटिंग, स्पीकर आणि ट्रॉफ्यांवर आपण किती उडवतो ते एकदा मोजा. एक ट्रॉफी हातभर कमी उंच केली तरी चालेल. ट्रॉफी शोकेसमध्ये धूळ खाते... डबा पोराच्या पोटात जातो.