पूर्वपक्षाचा मान

2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला पदवीच्या अभ्यासक्रमात जागा करून दिली, आणि त्यामुळे शहाड, आंबिवली, टिटवाळा या स्थानकांवरून सकाळची लोकल धरून कल्याण-उल्हासनगरच्या महाविद्यालयांत जाणारा, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत शिकणारा आणि संस्कृताशी कधीच संबंध न आलेला तरुणही आता सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त ही सहा नावे निदान परीक्षेपुरती तरी पाठ करू लागला आहे. ही घटना मला मनापासून स्वागतार्ह वाटते. आपल्याच देशात दोन हजार वर्षे चाललेल्या विचारमंथनाची नावनिशीही ठाऊक नसलेल्या पदवीधरांच्या पिढ्यांमागून पिढ्या बाहेर पडाव्यात, ही स्थिती कोणत्याही समाजाला भूषणावह नव्हती. परंतु हा विषय ज्या रीतीने टाचणांत उतरतो आहे, म्हणजे एका रकान्यात दर्शनाचे नाव, दुसऱ्यात कपिल, कणाद, गौतम, जैमिनी असे प्रवर्तकाचे नाव, तिसऱ्यात दोन ओळींचे सार आणि शेवटी आपल्या पूर्वजांच्या थोरवीविषयी एक परिच्छेद, ती रीत पाहिली म्हणजे दर्शनांचा देह हाती आला पण प्राण हरपला, असे खेदाने म्हणावे लागते.

कारण दर्शने ही परस्परांशी भांडत वाढली आहेत. सांख्यांना विश्वाच्या उपपत्तीसाठी ईश्वराची गरज भासत नाही. वेदाचे प्रामाण्य प्राणपणाने जपणारे मीमांसकही जगाचा कोणी कर्ता मानीत नाहीत. नैयायिक मात्र तोच ईश्वर अनुमानाने सिद्ध करावयास निघतात. आणि ब्रह्मसूत्रांवर भाष्य करणारे शंकराचार्य आपली सर्वाधिक शक्ती ज्याच्याशी झुंजण्यात खर्च करतात तो प्रतिपक्षी कोणी परकी पाखंडी नसून सांख्यच असतो, ज्याला ते प्रधान मल्ल समजतात आणि जो चीत झाला की बाकीचे आपोआप हरले असे मानतात. सहा ही संख्यासुद्धा निर्विवाद नाही. हरिभद्रसूरी या जैन आचार्याने षड्दर्शनसमुच्चय रचला तेव्हा त्याच्या सहांत बौद्ध आणि जैन होते, वेदान्त नव्हता. आणि चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला तेव्हा स्वतः अद्वैती असूनही त्यांनी ग्रंथाचा आरंभ चार्वाकापासून केला, त्याचे म्हणणे ऐटीत मांडू दिले आणि मगच पुढचे पाऊल उचलले.

हे पूर्वपक्षाचे शील होय. प्रतिपक्ष्याचे मत आधी, त्याच्या तोंडून शोभेल अशा भाषेत आणि त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडावयाचे आणि नंतरच आपला सिद्धान्त सांगावयाचा, हा दंडक मीमांसेच्या प्रत्येक अधिकरणाच्या, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेच्या, रचनेतच गोवलेला आहे. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात पराभव कशाने होतो याची जी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत, त्यांत अननुभाषण नावाचे एक आहे, आणि ते मला सर्वांहून मोलाचे वाटते: प्रतिपक्ष्याने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते कळले, आणि तरीही तुम्हांला ते त्याला मान्य होईल असे पुन्हा उच्चारून दाखवता आले नाही, तर उत्तर देण्याआधीच तुम्ही हरलात. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, नुसत्या जयासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा खोडून काढण्यापुरती बोललेली ती वितंडा, असा भेदही त्याच सूत्रांत आहे. दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या चर्चा आणि निवडणुकीतील भाषणे या कसोटीला लावून पाहिली, तर आपल्या सार्वजनिक जीवनात वाद किती उरला आहे आणि जल्प-वितंडेने किती जागा व्यापली आहे, हे सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

या शीलाचे एक फळ तर अद्भुत आहे. कुमारिलभट्ट हा बौद्धांचा कट्टर विरोधक, आणि त्याची बृहट्टीका कालौघात नष्ट झाली. परंतु शांतरक्षित या बौद्ध पंडिताने आठव्या शतकात तत्त्वसंग्रह लिहिताना खंडनासाठी कुमारिलाचे श्लोक इतक्या निष्ठेने उतरून घेतले, की त्या लुप्त ग्रंथाचे अवशेष आज मुख्यतः त्या विरोधकाच्याच घरी सापडतात.

आता हे सारे काशी-काश्मीरचे वैभव, आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलखाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याला उत्तर आहे, आणि ते इथल्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटते. शहाडहून थोड्या अंतरावर असलेले अंबरनाथचे शिवालय मुम्मुणि या शिलाहार राजाने शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये पुरे केले, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. त्याच घराण्यात बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अपरादित्य नावाचा राजा झाला. गेलेला मुलूख परत मिळवून उत्तर कोकणावर अंमल बसवणाऱ्या या राजाने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी विस्तीर्ण टीका लिहिली, ती अपरार्क या नावाने भारतभर प्रसिद्ध पावली आणि काश्मीरच्या पंडितांत तर दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती विसाव्या शतकाच्या आरंभी छापली, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तिचा सविस्तर परामर्श घेतला. काश्मीरच्या मंख कवीने आपल्या श्रीकंठचरितात एका विद्वत्सभेचे वर्णन केले आहे, आणि त्या सभेत कोकणच्या अपरादित्याचा वकील तेजकंठ उपस्थित असल्याचा उल्लेख आहे. कोकणच्या राजाचा वकील पार काश्मीरला जातो आणि तेथे पंडितांच्या बैठकीत मानाने बसतो, हे दृश्य आपल्या प्रांताच्या इतिहासात किती दुर्मिळ आहे!

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भासर्वज्ञ या दहाव्या शतकातील नैयायिकाच्या न्यायसार ग्रंथावरील न्यायमुक्तावली नावाची टीका याच अपरार्काच्या नावावर आहे, आणि विद्वान तिचे कर्तृत्व या शिलाहार राजाकडे देतात; ती 1961 साली मद्रासला छापली गेली. आणि भासर्वज्ञ हा काही परंपरेच्या वाटेने मान खाली घालून चालणारा गृहस्थ नव्हता. गौतमाने चार प्रमाणे सांगितली असता याने उपमान वगळून तीनच ठेवली. मोक्षात दुःखाचा अभाव तेवढा असतो, सुख नसते, हे नैयायिकांचे रूढ मत बाजूला सारून याने मोक्षात नित्य सुखाची अनुभूती असते असे प्रतिपादन केले. म्हणजे स्वतःच्याच संप्रदायात पूर्वपक्ष उभा करण्याचे धैर्य असलेल्या ग्रंथकाराची निवड या टीकाकाराने केली.

एकाच लेखणीतून स्मृतीतील व्यवहारकांडावरचे भाष्य आणि तर्कशास्त्रावरची टीका उतरली असेल, तर त्यात आश्चर्य नाही. याज्ञवल्क्याच्या मते दाव्याचे चार पाद असतात: वादीची फिर्याद, प्रतिवादीची कैफियत, पुरावा आणि निवाडा. फिर्याद प्रतिवादीच्या समक्ष, वादीने जशी सांगितली तशी लिहून घ्यावी, असाही त्याचा निर्बंध आहे. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत दप्तरात दाखल झाल्यावाचून पुढचे काही होऊ शकत नाही, हा नियम कचेरीत आणि तत्त्वचर्चेत एकच होता.

हे शास्त्र आजच्या माणसाच्या काय उपयोगाचे, असा प्रश्न सुशिक्षितांकडूनही येतो, म्हणून एक जवळचे उदाहरण घेतो. शहाड-मोहने परिसरात उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहतो, आणि लगेच कोणी म्हणतो, ‘नदीत कारखान्याचे सांडपाणी सोडतात, पाहा ना, जलपर्णी किती माजली आहे!’ नैयायिक हे वाक्य उलगडून मांडील. प्रतिज्ञा अशी की नदीत कारखान्याचे सांडपाणी आहे; हेतू असा की तेथे जलपर्णी आहे; आणि या दोहोंना जोडणारी व्याप्ती अशी की जेथे जेथे जलपर्णी असते तेथे तेथे कारखान्याचे सांडपाणी असते. मग तो विचारील, ज्या गावात एकही कारखाना नाही पण घराघरांतील मैलापाणी ज्याच्यात उतरते, अशा तळ्यात जलपर्णी वाढत नाही काय? वाढते. तेव्हा हेतू साध्याला, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याला, सोडूनही राहतो, म्हणून तो अनैकान्तिक, आणि अनुमान दुष्ट ठरले. जलपर्णीवरून सिद्ध होते ते एवढेच, की पाण्यात नत्र आणि स्फुरद यांचा भरणा झाला आहे; तो मैलापाण्यातून झाला, खतांतून झाला की आणखी कशातून, हे ठरवायला दुसरा हेतू शोधावा लागेल, नाल्याच्या मुखाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पाण्याचे नमुने घ्यावे लागतील. यात कोणालाही निर्दोष ठरवण्याचा हेतू नाही. उलट, ज्याला नदी खरोखर वाचवायची आहे त्याची तक्रार कोणत्याही कार्यालयात टिकावी, ती पहिल्याच सुनावणीत फेटाळली जाऊ नये, यासाठी हे शिक्षण हवे. असा हेत्वाभास, म्हणजे दिसायला हेतू पण मुळात सदोष, ओळखणारे शंभर नागरिक एखाद्या नदीकाठी असले, तर त्या नदीच्या वतीने लिहिलेल्या अर्जांना जे वजन येईल ते नुसत्या संतापाने येणार नाही.

या परंपरेविषयी लिहिताना एक गोष्ट दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रतिपक्ष्याला एवढा मान देणाऱ्या या सभेत बसण्याचा अधिकार मात्र फार थोड्यांना होता. शूद्रांना या विद्येचा अधिकार नाकारणारे ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरण आणि त्यावरील भाष्ये वाचताना आजही मान खाली जाते. म्हणून दर्शने शिकवायची ती गौरवगाथा म्हणून नव्हे, तर ज्यांना तेथे कधी बोलू दिले नाही त्यांच्या हाती तीच साधने देण्यासाठी. आणि ती साधने हातात आल्यावर काय घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मीमांसेच्या आणि धर्मशास्त्राच्याच आधारे अस्पृश्यतेच्या आणि जातिबंधनांच्या विरोधात युक्तिवाद केला, आणि 1933 साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारी यांच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात लावला तो त्यांनीच.

मराठीला या विषयाचा वारसा परका नाही. शहाडच्या बिर्ला मंदिरात आषाढी एकादशीला विठ्ठलाच्या दर्शनासाठी जी दाट रांग लागते, तिच्यातील पुष्कळांच्या घरी ज्ञानेश्वरी असते. आणि त्या ग्रंथाच्या अगदी प्रारंभी, गणेशाचे रूपक करताना, ज्ञानदेवांनी सहा दर्शनांना सहा भुजा कल्पून प्रत्येकीत वेगळे आयुध दिले आहे, तर्काला परशू केले आहे, वेदान्ताला मोदक केले आहे, आणि समतेने शुभ्र दिसणाऱ्या दाताच्या ठायी संवाद पाहिला आहे. सहा हातांतली आयुधे एकमेकांशी जुळत नाहीत, तरी मूर्ती एकच राहते, ही कल्पना ज्या भाषेत 1290 सालीच निरूपिली गेली, त्या भाषेला दर्शनांचा अभ्यास जड जाण्याचे कारण नाही. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी 1924 साली संपादित केलेला सर्वदर्शनसंग्रह, र. पं. कंगले यांनी केलेले त्याच ग्रंथाचे मराठी भाषांतर, दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश, ही सामग्री मराठी माणसांनीच सिद्ध केली आहे. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण प्रभृतींनी संस्कृत पंडितांना आणि आधुनिक तत्त्वज्ञांना एकत्र बसवले, बर्ट्रांड रसेलची मते संस्कृतात उतरवून पंडितांपुढे पूर्वपक्ष म्हणून ठेवली आणि त्यांच्याकडून उत्तरे घेतली. त्या बैठकीचा नमुना आपल्यासमोर आहे. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाने, जे 1864 पासून या शहराची सेवा करीत आहे, किंवा उल्हासनगर-डोंबिवलीच्या एखाद्या महाविद्यालयाने, महिन्यातून एका रविवारी असा वाद भरवावा. तेथे बौद्ध, जैन, चार्वाक आणि वेदान्ती पक्ष आळीपाळीने विद्यार्थ्यांकडे यावेत, आणि ज्याला जे मत पटत नाही तेच त्याच्या वाट्याला द्यावे.

परीक्षेपुरते बोलायचे, तर माझी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला एक विनंती आहे. प्रवर्तकांच्या नावांच्या जोड्या लावण्याऐवजी असा प्रश्न घालावा: अनुमान हे प्रमाण नाही, कारण भूत-भविष्यातील सगळे धूर आणि सगळे अग्नी कोणीच पाहिलेले नसल्यामुळे व्याप्ती कळणेच अशक्य आहे, हा चार्वाकाचा आक्षेप, एखादा चार्वाक वाचून मान डोलावील अशा रीतीने मांडा, आणि मग नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर द्या, की जो हा संशय घेतो तोच धूर हवा असला म्हणजे विस्तव पेटवतो, तेव्हा त्याच्या कृतीनेच त्याच्या शंकेचा व्याघात होतो. या उत्तराला दहा गुण असले, तर त्यांतले सहा पहिल्या भागाला राखून ठेवावेत.