वीटभट्टी आणि वकिलाची फी

मुस्लिम समाजाच्या मागासलेपणाची चर्चा निघाली की दोन ठरावीक उत्तरं ऐकू येतात. पहिलं बाहेरून येतं : शिका, कष्ट करा, रडगाणं बंद करा. दुसरं आपल्यातूनच येतं : सच्चर समितीचा अहवाल २००६ पासून धूळ खात पडलाय, सरकारच काही करत नाही तर आपण काय करणार? पहिलं उत्तर देणारे काहीजण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा दाखला देतात. गुलामगिरीतून आलेली माणसं स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली, मग तुम्हाला काय झालं? दाखला जरूर द्यावा, पण अर्धा देऊ नये.

बुकर टी. वॉशिंग्टन हे या मंडळींचं आवडतं नाव. गुलाम म्हणून जन्मलेल्या या माणसाने १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे शाळा सुरू केली. इमारतींसाठी विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या. भट्टी तीन वेळा फसली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ गहाण ठेवलं आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. राजकीय हक्कांचं नंतर बघू, आधी हुन्नर कमवा, असा त्यांचा जाहीर उपदेश असे. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी त्यावर कडक टीकाही केली. पण याच वॉशिंग्टन यांनी अलाबामात कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला तेव्हा त्याविरुद्धच्या खटल्याला गुपचूप पैसा पुरवला. १९०३ मध्ये तो खटला सुप्रीम कोर्टात हरला, हा भाग वेगळा. वीटभट्टी लावणारा माणूस वकिलाची फीसुद्धा भरत होता, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

नुसत्या कष्टाने भागत असतं तर ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातलं ग्रीनवुड जळालं नसतं. तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःची दुकानं, हॉटेलं, दवाखाने, वर्तमानपत्रं उभी केली होती. कोणाकडे हात पसरला नव्हता. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने दोन दिवसांत सुमारे ३५ चौकांची ती वस्ती राख केली. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. आता त्या दुकानदारांना वैयक्तिक जबाबदारीवर कोणतं व्याख्यान द्यायचं?

आता आपल्या घरातल्या उत्तराकडे वळू. दक्षिणेतली राज्यं कृष्णवर्णीयांकडून कर घेत आणि तो पैसा मुख्यतः गोऱ्यांच्या शाळांवर खर्च करत. यापेक्षा मोठं गाऱ्हाणं कोणतं असेल? तरी न्याय मिळेपर्यंत त्यांनी मुलांना घरी बसवलं नाही. ज्यूलियस रोझेनवाल्ड या ज्यू व्यापाऱ्याच्या मदतीने तिथे सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांत शेतमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीयांनी जमवलेली वर्गणी खुद्द रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षा थोडी जास्तच होती. शिवाय जमीन दिली, लाकूड दिलं, अंगमेहनत केली.

पुढे १९५५ मध्ये माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा तिथली कामवाली बाई आणि मजूर ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. पायी गेले, वर्गणी काढून गाड्यांची सोय केली. त्याच वेळी त्यांचे वकील कोर्टात लढत होते. चालणाऱ्याने वकिलाला थांबवलं नाही, की वकील लढतोय म्हणून कोणी घरी बसलं नाही.

हा धडा आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. त्यांनी स्वतः शाळा काढल्या आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सरकारला जाबही विचारला.

आपल्या जलशांत सूरह रअदची ११वी आयत हमखास ऐकवली जाते, कारण ती माणसाला स्वतःत बदल घडवायला सांगते. सूरह निसाची १३५वी आयत तितक्या वेळा ऐकू येत नाही. ती न्यायासाठी ठाम उभं राहायला सांगते, मग तो स्वतःविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध का जाईना. दोन्ही एकत्र वाचल्या तर पळवाट उरत नाही.

मोहल्ल्यात आठवीच्या पुढे शाळा नसेल तर त्याला मुलीचा बाप जबाबदार नाही. पण शाळा असूनही मुलीला घरी बसवून तिच्या लग्नासाठी कर्ज काढलं जात असेल, तर त्याला सच्चर समिती जबाबदार नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुस्लिमांचं शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण रोखलं नाही, तरी त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही. तो जाब सरकारला विचारायलाच हवा. आणि तो विचारणाऱ्याने संध्याकाळी मोहल्ल्यात अभ्यासिका उघडी आहे की नाही, हेही बघायला हवं.