विमान देखभालीचे शिक्षण घेतलेल्यांना परवान्यासाठी लागणारा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळवून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत : मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, नवी दिल्ली, मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे विमान देखभाल अभियांत्रिकीचे विद्यार्थी, शिक्षण संपवून घरी बसलेले तरुण-तरुणी, त्यांचे पालक आणि या कामात अनेक वर्षे काढलेले परवानाधारक अभियंते व टेक्निशियन आहोत. आमच्यापैकी काहींची घरे शिवणगाव, खापरी या नागपूरच्या मिहान प्रकल्पासाठी जमिनी गेलेल्या गावांत आहेत. जवळच उभ्या राहिलेल्या हँगरमध्ये आपल्या मुलाला काम मिळेल, या भरवशावर काही आईबापांनी मोबदल्याचे पैसे त्याच्या फीसाठी मोडले. मुलांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षाही दिल्या. परवाना मात्र हाती आलेला नाही. त्यासाठी चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो मिळवून देण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. हे निवेदन मुख्यतः त्या दोन वर्षांबद्दल आहे.

ही अट शिथिल करा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जून १९९० मध्ये बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरची काच उड्डाणानंतर थोड्याच वेळात निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले, सगळे वाचले. चौकशीत निघाले ते असे : उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत, ती काच नव्याने बसवली होती. बोल्ट ९०, त्यांपैकी ८४ ठरलेल्या मापापेक्षा इंचाच्या २६ हजारांश भागाने बारीक. म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक. बोल्ट बसवणारा नवशिका नव्हता, तो पाळीचा प्रमुख होता. माणसे कमी म्हणून स्वतः कामाला लागला होता आणि त्याने नवे बोल्ट जुन्यांशी नजरेनेच जुळवून पाहिले होते. मुरलेल्या माणसाकडून असे होते, तिथे न मुरलेल्याच्या हाती विमान देऊ नये, हे आम्हाला पुरेपूर मान्य आहे. म्हणूनच आम्हाला कामात मुरण्याची संधी हवी आहे.

आता नियम काय सांगतो ते थोडक्यात. डीजीसीएच्या सीएआर-६६ नुसार परवान्याचे वर्ग ठरतात. ए वर्ग लाइनवरच्या मर्यादित, सोप्या कामांचा. बी-१.१ वर्ग टर्बाइन इंजिनांच्या विमानांचा : सांगाडा, इंजिन, यांत्रिक व विद्युत यंत्रणा. बी-२ एव्हिऑनिक्सचा. सी वर्ग बेस मेंटेनन्सनंतर संपूर्ण विमान सेवेत सोडणाऱ्याचा. बी-१.१ किंवा बी-२ साठी सीएआर-१४७ खाली मान्यता असलेल्या संस्थेत २,४०० तासांचा पायाभूत अभ्यासक्रम, प्रत्येक मॉड्यूलच्या परीक्षेत किमान ७५ टक्के गुण आणि त्यावर दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव. मग परवाना. त्यापुढे विमानाच्या विशिष्ट प्रकाराचे प्रशिक्षण आणि कंपनीचे अधिकारपत्र. एवढे सगळे झाल्यावरच त्या माणसाच्या सहीने विमान उडते.

प्रवेश घेताना यातले फारसे काही विद्यार्थ्याला किंवा पालकांना सांगितले जात नाही. संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजेच परवाना, असा समज करून दिला जातो. निदान तो दूर तरी केला जात नाही. एरोनॉटिकल शाखेची बी.ई. पदवी आणि विमान देखभाल अभियंत्याचा (एएमई) परवाना या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेही पुष्कळांना फी भरून झाल्यावर कळते.

अनुभव मोजला जातो तो लॉगबुकमध्ये. समजा चाक बदलले. विमान जॅकवर घ्यायचे, जुने चाक उतरवायचे, ॲक्सल पुसून ग्रीस लावायचे, नवे चाक चढवायचे. नट टॉर्क रेंचने आवळताना चाक हाताने फिरवत राहायचे, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात. मग नट सैल करून मॅन्युअलमधल्या दुसऱ्या, कमी टॉर्कला पुन्हा आवळायचा आणि लॉक करायचा. हे शिकाऊ मुलाने केले की लॉगबुकात एक ओळ होते : तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, मॅन्युअलमधले लँडिंग गिअरचे ३२ वे प्रकरण, केलेले काम आणि देखरेख करणाऱ्या परवानाधारकाची सही व शिक्का. दोन वर्षे अशा ओळी भराव्या लागतात, त्याही निरनिराळ्या यंत्रणांवरच्या. हँगरच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलाची एकही ओळ भरत नाही. आमच्यातल्या काहींकडे तर हा अनुभव देण्यासाठी उलट पैसे मागितले गेले. ज्यांच्याकडे होते त्यांनी ते दिले. ज्यांच्याकडे नव्हते ते आज विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे किंवा मोबाइलच्या दुकानात विक्रीचे काम करत आहेत.

आणि हे देशात अभियंत्यांची गरज वाढत असताना घडते आहे. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे होत आहेत. विमानांची मोठी दुरुस्ती परदेशाऐवजी देशातच व्हावी म्हणून केंद्राने २०२० मध्ये या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. उद्योगाला ही सवलत योग्यच मिळाली. ती देताना शिकाऊ मुलांच्या जागांची अट घातली असती, तर आज हे निवेदन द्यावे लागले नसते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली मागणी राज्य शासनाच्या स्वतःच्या अधिकारातली आहे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मिहानची जमीन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीमार्फत दिली जाते आणि ही कंपनी राज्याची आहे. यापुढे विमान देखभालीसाठी जमीन, मुदतवाढ किंवा औद्योगिक सवलत देताना शिकाऊ उमेदवारांच्या ठरावीक जागांची अट करारातच घालावी. जागा किती, हे त्या ठिकाणच्या परवानाधारक अभियंत्यांच्या संख्येवरून ठरावे. एका अभियंत्याला नीट लक्ष देता येईल एवढीच मुले त्याच्या हाताखाली असावीत. जागा फुगवून शिक्के वाटले गेले, तर आमचेच नुकसान होईल. यातल्या काही जागा मिहानच्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांतल्या पात्र मुलांना प्राधान्याने मिळाव्यात. सध्या काम करत असलेल्या कंपन्यांशीही शासनाने चर्चा सुरू करावी.

दुसरी मागणी डीजीसीएकडे राज्याने आग्रहाने मांडावी. संस्थेची प्रवेशक्षमता तिच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या अनुभवाच्या जागांशी जोडावी. देखभाल कंपनीशी लेखी करार नसेल, तर त्या तुकडीला मंजुरी देऊ नये. शिवाय प्रत्येक संस्थेने दरवर्षी दोन आकडे जाहीर करावेत : किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यांपैकी किती जणांना परवाना मिळाला. महाराष्ट्रातल्या संस्थांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मराठीत छापलेले असावे की हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे.

अनुभवाच्या काळात उमेदवाराकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेण्यास बंदी असावी आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खालील विद्यावेतन त्याला मिळावे. ही तिसरी मागणी.

चौथी मागणी आमच्यातल्या परवानाधारकांची. मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा देखभालीचा अनुभव नसेल, तर परवाना असूनही त्याचे अधिकार वापरता येत नाहीत. नियम रास्त आहे. पण २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा माणसांचा काहीही दोष नसताना त्यांचे हे घड्याळ चालू राहिले. विमान कंपनी बंद पडली, तर तिथल्या अभियंत्यांना दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी हा सहा महिन्यांचा अनुभव पूर्ण करता यावा, अशी कायमची व्यवस्था हवी. शिकाऊ मुलांच्या लॉगबुकातल्या नोंदीही कंपनी बंद होण्याआधी प्रमाणित करून मिळाल्या पाहिजेत. सही करणारा अभियंता एकदा दुबईला किंवा दोह्याला निघून गेला, की मुलाने त्याला शोधायचे कुठे?

परवाना सगळ्यांनाच मिळेल असे नाही, हे आम्ही जाणतो. पण हँगर केवळ परवानाधारकांवर चालत नाही. पत्र्याचे काम, कंपोझिटची दुरुस्ती, भाग न तोडता भेगा तपासणे, सुट्या भागांचे भांडार, कामाचे नियोजन, गुणवत्ता तपासणी ही सगळी कसबाची, पोट भरणारी कामे आहेत. आयटीआयमध्ये यासाठीचे ट्रेड वाढवावेत आणि टेक्निशियनलाही दर्जाप्रमाणे श्रेणी, वेतन व बढतीचा मार्ग असावा. परीक्षा मराठीत घ्या, असे आम्ही म्हणत नाही. बोइंग-एअरबसची मॅन्युअल इंग्रजीत असतात आणि टास्क कार्ड वाचताना अर्थाचा गोंधळ परवडत नाही. मात्र मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ती मॅन्युअल वाचता यावीत यासाठी आयटीआयमध्ये तांत्रिक इंग्रजीचे स्वतंत्र तास ठेवावेत. ते इंग्रजी मुद्दाम मोजक्या शब्दांत आणि छोट्या वाक्यांत लिहिलेले असते. नीट शिकवले तर विदर्भातल्या खेड्यातली मुलगीही ते सहज आत्मसात करील.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर तोही मांडतो. विमाने दिवसा उडतात म्हणून लाइनवरचे पुष्कळसे काम रात्री होते. रात्रपाळीला घरापर्यंत वाहन आणि हँगरमध्ये कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली, या दोन गोष्टी नाहीत म्हणून मुलींना जागा नाकारली जाऊ नये. करारातच त्यांची तरतूद करावी.

नवीन शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी या विषयावर नागपुरात बैठक बोलवावी, ही विनंती. बैठकीला कौशल्य विकास विभाग, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, डीजीसीएचे अधिकारी, मिहानमधील देखभाल कंपन्या आणि आमचे प्रतिनिधी असावेत. पहिल्या मागणीवर शासनाचा निर्णय काय, हे आम्हाला लेखी कळवावे. कोणाचा अभ्यासक्रम केव्हा पूर्ण झाला आणि त्यानंतर किती महिन्यांच्या नोंदी मिळाल्या, याची नावनिहाय यादी आम्ही बैठकीत सादर करू.

आपले विश्वासू,
विमान देखभाल क्षेत्रातील विद्यार्थी, टेक्निशियन, परवानाधारक अभियंते व पालक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)
नागपूर