जवस, सोयाबीन आणि उतारवयातील संप्रेरके

उभ्या धानाच्या ओल्या बांधीत जवस व लाखोळीचे बी फेकून दुसरे पीक घेण्याची रीत गोंदिया जिल्ह्यात जुनी आहे. त्यामुळे जवसाची चटणी येथील ज्येष्ठांच्या ताटाला नवखी नाही. मात्र ‘जवस-सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरक असते’ असे ऐकून कोणी ते वर्ज्य करतात, तर कोणी रजोनिवृत्तीवरील रामबाण म्हणून त्याच्या अर्काच्या गोळ्या घेतात. दोन्ही टोके अनाठायी आहेत.

जवसातील लिग्नान आणि सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन ही द्रव्ये इस्ट्रोजेनशी साधर्म्य राखतात. परंतु त्यांचा प्रभाव पुष्कळच सौम्य असतो. लिग्नानला कार्यक्षम रूप देतात ते आतड्यांतील जीवाणू; म्हणून परिणाम व्यक्तीगणिक बदलतो. नेहमीच्या आहारातील सोयाबीनने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटत नाही. अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडते. ते भाजून, कुटून, चमचा-दोन चमचे घ्यावे आणि त्यासोबत पुरेसे पाणी प्यावे. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

अधिक सावधगिरी हवी ती परिसरातील रसायनांबाबत. डीडीटीचा शेतीतील वापर आपल्या देशात १९८९ मध्ये थांबवण्यात आला, तर एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. काही प्लास्टिकमध्ये असणाऱ्या बिस्फेनॉल-ए या द्रव्याचा इस्ट्रोजेनसदृश गुण तर १९३६ पासूनच ज्ञात आहे. म्हणून फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, कितीही धुतले तरी, पाण्यासाठी वा धान्यासाठी वापरू नयेत. गरम वरण-भात प्लास्टिकच्या डब्यात न भरता स्टीलच्या डब्यात द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी एखादा डाग दिसला, तरी ‘उष्णता वाढली’ किंवा ‘जवस जास्त झाले’ असे म्हणून तो अंगावर काढू नये. बहुतेकदा कारण साधे निघते, उदाहरणार्थ अस्तराचा कोरडेपणा. परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूणही असू शकते, आणि वेळीच निदान झाल्यास हा आजार बहुधा बरा होतो. सोनोग्राफी आणि आवश्यक तर अस्तराचा नमुना तपासून निदान होते. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विलंब न करता दाखवावे.

घरातील ज्येष्ठ स्त्रिया संकोचापोटी अशी गोष्ट बोलून दाखवत नाहीत. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या लेकी-सुनांनीच, एकांत पाहून, आपुलकीने विचारावे.