हप्त्याच्या हिशेबात बाईचा रकाना

घर कर्जात असले की बाईला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: काटकसर कर. सासू तेच सांगते, कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस तेच सांगतो, आणि ‘आर्थिक साक्षरते’च्या शिबिरात फळ्यावर दोन रकाने आखून तेच शिकवले जाते. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च; खर्चातले जे अनावश्यक असेल ते कापा. वस्तीतल्या बायकांबरोबर काम करताना मला पडणारा प्रश्न याच्या अलीकडचा आहे. अनावश्यक काय हे ठरवते कोण? आणि कात्री चालते ती कोणाच्या खर्चावर?

एक नेहमीचा हिशेब पाहू. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये थोड्याफार फरकाने तो घरोघर सापडतो. नवरा रंगकाम करतो, पगार शनिवारी. त्यातले 1,800 रुपये तो बायकोच्या हातावर ठेवतो, ‘आठवडा भागव’ म्हणून. बाकी किती उरले हे तिला ठाऊक नसते आणि विचारण्याची सोय नसते. ती चार घरची धुणीभांडी करते, ते पैसे खोलीच्या भाड्यात आणि मुलांच्या फीमध्ये जातात. तिच्या नावावर 40,000 रुपयांचे कर्ज आहे. व्याज वर्षाला 24 टक्के, मुदत दोन वर्षे. म्हणजे आठवड्याला सुमारे 485 रुपये हप्ता. मंगळवारी गटाच्या बैठकीत तो भरला की 1,315 रुपये उरतात. माणसे चार, दिवस सात. माणशी दिवसाला 47 रुपये. त्यात किराणा, भाजी, दूध, गॅस, औषधपाणी, बसभाडे, सगळे.

या बाईला हिशेब कोण शिकवणार? तेल पावकिलोने आणायचे, बाजार उठताना उतरलेली भाजी घ्यायची, गॅस पुरवण्यासाठी आंघोळीचे पाणी चुलीवर तापवायचे, हे सारे ती करतेच आहे. किलोने घेतले तर स्वस्त पडते हेही तिला कळते. पण एकदम घ्यायला हातात एकदम पैसे लागतात. गरिबाला पुडीची साखर महागच पडते, आणि त्याला उधळपट्टी म्हणत नाहीत.

तरीही आठवडा भागत नाही तेव्हा काय कापले जाते ते पाहा. मुलांचे दूध शक्यतो कापले जात नाही. नवऱ्याचा चहा, तंबाखू, मोबाईलचे रिचार्ज तर वहीत नसतेच, कारण ते घरात न आलेल्या पैशातून होते. कापले जाते ते तिचे. तिच्या ताटातले कालवण, महिन्याच्या पाळीचे पॅड, दुखऱ्या पाठीची तपासणी, चष्मा, माहेरी जायचे भाडे. “माझं काय, चालतं,” हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे की मला ते आता घरखर्चाच्या वहीतली एक नोंदच वाटते. त्या चालवून घेण्याची रक्कम लिहिली जात नाही, एवढेच.

आता हे कर्ज कोणाचे? सही तिची, आधार कार्ड तिचे, गटाची हमी तिच्या मैत्रिणींची. पैसा मात्र बऱ्याचदा दिराच्या लग्नात, जुन्या रिक्षाच्या दुरुस्तीत नाहीतर आधीच्या कर्जाच्या परतफेडीत गेलेला असतो. छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्या मुख्यतः बायकांनाच का देतात? बाई पळून जात नाही, चारचौघींत लाजते, आणि हप्ता चुकला तर शेजारणी तिच्या दारात उभ्या राहतात. बाईच्या भिडस्तपणाचा हा तारण म्हणून केलेला वापर आहे.

रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी 2022 साली नियम केले. त्यांत वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचा विचार केला आहे आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले असे म्हटले आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, अशीही मर्यादा आहे. ऐकायला बरे वाटते. पण कर्ज मंजूर करताना नवऱ्याची कमाई मोजायची आणि वसुलीच्या वेळी फक्त बायकोला गाठायचे, यातला विरोध कोणी विचारात घेतलेला नाही. कागदावर उत्पन्न कुटुंबाचे; हप्ता भरायचा तो मात्र नवऱ्याने मोजून दिलेल्या 1,800 रुपयांतून. त्या 1,800 पैकी 485 म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. तिच्या हाती येणाऱ्या पैशाची मर्यादा कोणी ठरवायची?

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, “कर्ज फिटेपर्यंत सोसावे तर लागणारच.” मान्य. पण मग सगळ्यांनी सोसावे. आणि नुसत्या व्यवहाराने पाहिले तरी बाईचा हातखर्च शून्यावर आणणे परवडणारे नाही. घरात अडीअडचण येतेच. मुलाला ताप येतो, पाहुणा येतो, नवऱ्याचे काम चार दिवस बंद पडते. हातात काहीच नसले की ती वस्तीतल्या सावकाराकडे जाते. 2,000 रुपये, शेकडा दहा, दर महिन्याला. महिन्याचे व्याज 200 रुपये. वर्षभर मुद्दल फिटले नाही तर 2,400 रुपये निव्वळ व्याज, आणि 2,000 तसेच उभे. तेच आठवड्याला 50 रुपये तिने स्वतःकडे ठेवले असते तर चाळीस आठवड्यांत 2,000 रुपये तिचे झाले असते. पन्नास रुपयांनी काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

पण माझा आग्रह केवळ व्यवहाराचा नाही. ज्या पैशाचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही, असे थोडे तरी पैसे प्रत्येक माणसाजवळ असले पाहिजेत. पुरुषाजवळ ते असतात, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. बाईने वीस रुपयांचा गजरा घेतला तर त्याची चर्चा होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 2024 साली सुरू झाली तेव्हा महिन्याला 1,500 रुपये थेट बाईच्या खात्यावर येऊ लागले. ते पैसे आले तसे हप्त्यात जाताना मी पाहिले. खाते तिचे झाले, खर्च ठरवणारे मात्र तेच राहिले.

मग आपण गटांमधून काय करायचे? मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, जमाखर्चाच्या वहीत तिसरा रकाना हवा: बाईचा स्वतःचा. पन्नास असोत की शंभर, हप्त्याबरोबरच ते बाजूला निघाले पाहिजेत, उरले तर नव्हे.

दोन, हिशेबाच्या शिबिराला नवऱ्यांना बोलवा. शनिवारचा पूर्ण पगार वहीत लिहिल्याशिवाय तो हिशेब घराचा होत नाही.

तीन, कर्जाचा कागद गटात बसून वाचा. कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. अशा कर्जाला तारण मागता येत नाही, मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही. ‘फक्त 12 टक्के’ असे कोणी सांगितले तर व्याज मूळ रकमेवरच मोजले जाते का, ते विचारा. तसे असेल तर 40,000 वर दोन वर्षांत 9,600 रुपये व्याज होते, म्हणजे घटत्या मुद्दलावर सुमारे 22 टक्के. सावकाराकडे परवाना आहे का, तेही विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने तो लागतो.

चार, घरखर्चाला पैसे न देणे, बाईचे स्त्रीधन परस्पर विकणे, याला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ म्हटले आहे. मारहाणीच्या तक्रारी नोंदवताना आपण पैशाचे प्रश्नही विचारले पाहिजेत. हप्त्यासाठी डोरले कोणी मोडले, कोणाच्या सांगण्यावरून मोडले, हे नोंदले गेले पाहिजे.

सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी बायकांनी एकत्र येणे आपल्याकडे नवे नाही. गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली संघटित केले आणि बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडले. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. तेव्हा मागणी होती कर्ज मिळण्याची. आज कर्ज दारात चालून येते. म्हणून आजची मागणी त्यापुढची हवी: जिच्या नावावर कर्ज, तिच्या हातात हिशेब, आणि त्या हिशेबात तिचा स्वतःचा वाटा.

तुमच्या गटात याबाबत काय अनुभव येतो? तिसरा रकाना आखून पाहिलात तर घरात काय घडले, तेही कळवा. त्यावर पुढे बोलता येईल.