आठवण करून देणाराच लिलाव करतो तेव्हा

मागच्या महिन्यात एका वाचकाचा फोन आला. "दादा, पेपरच्या साइटवर रमीच्या जाहिराती कधीपासून घ्यायला लागलात?" मला वाटलं चेष्टा करतोय. साइट उघडली तर खरंच! पत्ता आमच्या साप्ताहिकाचा आणि आत रमी, सट्टा, बोनस. अकरा वर्षं याच पत्त्यावर आम्ही ग्रामसभा, पाणीटंचाई, बाजारभाव आणि गावातल्या माणसांच्या श्रद्धांजल्या टाकल्या होत्या.

आधी माझी चूक कबूल करतो. डोमेन नेम, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कायमचा विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशोबाने नोंदवावा लागतो. ज्या पोराने आमची साइट करून दिली त्याने नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली. पुढे तो पुण्याला गेला, तो ईमेल बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच जात राहिल्या. नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. लोकांच्या सातबाऱ्यातल्या चुका छापणाऱ्या माणसाचा हा हलगर्जीपणा. मान्य.

पण पुढचं ऐका. मला वाटलं, मुदत संपली, नाव मोकळं झालं, कोणीतरी उचललं. तसं झालं नव्हतं. ज्या रजिस्ट्रार कंपनीकडे आम्ही दरवर्षी पैसे भरत होतो, तिनेच ते नाव लिलावात काढलं होतं. लिलावाचे पैसे तिच्याकडे. आम्हाला एक रुपया नाही, एक फोन नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, सगळ्या धंद्याच्या रीतीचा आहे.

कागदावर नियम बरे आहेत. जगभरची डोमेन व्यवस्था बघणारी 'आयकॅन' ही संस्था सांगते की डॉट कॉमसारख्या नावांसाठी मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना द्यायची. हा नियम २०१३ पासून आहे. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते. नाव रद्द झालंच, तर जुन्या मालकाला जादा पैसे भरून ते सोडवायला आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर पाच दिवसांनी नाव सगळ्यांना खुलं.

आता मेख बघा. हे ३० दिवस नाव रद्द झाल्यावर सुरू होतात. बाजारात किंमत असलेलं नाव रजिस्ट्रार रद्द करतोच कशाला? सवलतीच्या मुदतीतच ते लिलावाला लावायचं आणि तुम्ही ठरावीक दिवसांत पैसे भरले नाहीत तर थेट नव्या माणसाच्या नावावर चढवायचं. रद्द होणंच नाही, म्हणून सोडवणुकीचे ३० दिवसही नाहीत. याला परवानगी कोणी दिली? आपणच. नोंदणी करताना न वाचता 'मान्य आहे'वर बोट दाबलं, तेव्हा.

म्हणजे आठवण करून द्यायची जबाबदारी ज्याच्यावर, फायदा त्याचाच, तोही आपण विसरलो तरच. नूतनीकरण केलं तर त्याला वर्षाचं शुल्क मिळणार. विसरलो तर लिलावात त्याच्या कित्येक पट मिळू शकतात. मग तो किती जोरात हाक मारेल? ओटीपीसाठी मोबाइल नंबर चालतो, ऑफर सांगायला चालतो. मुदत संपताना मात्र बंद पडलेल्या ईमेलवर पत्र टाकलं की कर्तव्य संपलं!

कोणी म्हणेल, भाड्याची जागा होती, मुदत संपली, तक्रार कसली? मग हे सांगा. सोनं तारण ठेवलं, हप्ते थकले, बँकेने लिलाव केला, तर कर्ज आणि खर्च वळता करून उरलेले पैसे बँकेला परत द्यावे लागतात. तिथे चूक कर्जदाराचीच असते, तरी वरकड त्याची. इथे लिलावात किंमत येते ती त्या अक्षरांची नाही, आमच्या अकरा वर्षांच्या कामाची. लोकांनी दिलेल्या लिंक, सर्च इंजिनमधली जागा, वाचकांचा विश्वास. तेच वापरून सट्टा विकतात. गूगलने मार्च २०२४ मध्ये जुन्या डोमेनचा असा गैरवापर आपल्या स्पॅम नियमांत घातला, तो उगाच नाही.

आणि हे लिलाव तरी सरळ असतात का? समोर बोली कोण लावतोय हे दिसत नाही, दिसतं ते टोपणनाव. अमेरिकेतल्या स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये स्वतः कबूल केलं होतं की तिचाच एक अधिकारी २००५ पासून खोट्या नावाने बोली लावत होता. कंपनीच्या हिशोबाने सुमारे ५ टक्के लिलावांत. खऱ्या ग्राहकांना भाव चढवून द्यावे लागले, मग कंपनीने फरक व्याजासह परत द्यायची तयारी दाखवली. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या माणसाला तपासताच येत नसेल, तर संशय घेणं हा आपला दोष नाही.

विसरणं हा अडाण्यांचाच रोग आहे असंही समजू नका. १९९९ च्या डिसेंबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट एका डोमेनचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेल अडलं. एका भल्या प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले म्हणून निभावलं. आपल्याकडच्या पतसंस्था, शाळा, वाचनालयं यांना असा भला माणूस कुठून मिळणार?

माझं म्हणणं तीन ओळींत. लिलावात आलेली वरकड रक्कम जुन्या नोंदणीदाराला मिळाली पाहिजे. सोडवणुकीचे ३० दिवस लिलावात गेलेल्या नावालाही मिळाले पाहिजेत. आणि सूचना मोबाइलवरही आली पाहिजे. डॉट इनचा कारभार आपल्याच देशातल्या 'निक्सी'कडे आहे. निदान तिथून सुरुवात करायला कोणाची परवानगी हवी? खासदारांना मी पत्र लिहितोय, तुम्हीही लिहा.

तोवर आजच्या आज एवढं करा. संस्थेचं डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे ते बघा. ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर असेल तर संस्थेच्या नावावर करून घ्या. पासवर्ड संस्थेच्या दप्तरात लिहून ठेवा. जमेल तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरा, डॉट कॉमला दहा वर्षांपर्यंत भरता येतात. आणि रजिस्ट्रार बदलायचा असेल तर मुदतीच्या दोन महिने आधीच ट्रान्सफरचा कोड मागा. तो पाच दिवसांत देणं डॉट कॉमसारख्या नावांसाठी बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर आयकॅनकडे तक्रार करता येते.

आमचं नाव गेलं. नव्या पत्त्यावर पुन्हा सुरुवात केली आहे. जुन्या पत्त्यावर मात्र अजून रमी चालू आहे, आणि गावातल्या कोणी आपल्या वडिलांची श्रद्धांजली शोधली तर तो तिथेच पोचतो. तुमच्या संस्थेची मुदत कधी संपते? हे वाचून झाल्यावर आधी ते बघा, मग लाइक करा.