गच्चीवरचा प्रेक्षक

परवा धाकट्या मुलीने मोबाईलवर एक चित्रपट लावला आणि मी एकदम आठ वर्षांचा झालो.

‘एक, अनेक और एकता’! विजया मुळे यांनी १९७४ साली दिग्दर्शित केलेला, हलत्या चित्रांचा जेमतेम सात मिनिटांचा हिंदी चित्रपट. चित्रे हलविणारे भीमसैन. संगीत आपल्या वसंत देसाईंचे. जाळ्यात सापडलेली पाखरे एकदिलाने जाळ्यासकट उडून जातात, ही त्यातली गोष्ट.

१९८७ च्या सुमारास धाराशिवला (कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद) आमच्या गल्लीत टीव्ही एकच, समोरच्या वकिलांकडे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधीमधी हा चित्रपट लागे. मी सतरंजीवर अगदी पुढे. पडद्यावर मुंग्या आल्या की दादा गच्चीवर धावे, अँटेना फिरवी आणि वरून ओरडे, “आलं का?” आम्ही खालून, “आलं, आलं! आता हलू नकोस!” गाणे संपेपर्यंत बिचारा तसाच उभा.

परवा दोनदा चकित झालो. एक म्हणजे, पाखरे रंगीत होती! वकिलांचा संच कृष्णधवल. मला काय ठाऊक? दुसरी गोष्ट मात्र बोचली. “बघ, एकजुटीने उडाली आणि सुटली,” असे मी मुलीला सांगत होतो. ती म्हणाली, “बाबा, उडाली तरी जाळं अंगावरच आहे की! उंदरांनी कुरतडलं म्हणून सुटली.”

खरेच होते. इतक्या वर्षांत मी उंदरांना साफ विसरलो होतो.

वाड्याच्या वाटणीवरून दादाशी तीन वर्षे माझे बोलणे बंद होते. मी पुण्याला उडालो. आईवडिलांची आजारपणे काढली, ती गावी राहिलेल्या दादाने. घरपट्टी, गळकी छपरे, सारे त्यानेच पाहिले. वाटणीच्या कागदात त्यासाठी रकाना नव्हता, आणि मीही तो मागितला नव्हता.

रात्री फोन लावला. “दादा, ते पाखरांचं चित्र आठवतं? शेवटी उंदीर जाळं कुरतडतात, ते?”

क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “उंदीर होते होय रे त्यात? मला नुसतं गाणंच ठाऊक. मी वरच असायचो ना.”

यंदा पाडव्याला आम्ही धाराशिवला जाणार आहोत. दादाला सतरंजीवर पुढे बसवायचे आहे. मोबाईल मी धरीन. संपेपर्यंत हलणार नाही.